वसुलीची वही

चिखलीला रेल्वे अद्याप आलेली नाही. खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी इंग्रजी अमदानीपासूनची. तिच्यासाठी पाहण्या झाल्या, निवेदने गेली, आंदोलने झाली, आणि बुलढाणा जिल्ह्यातील घाटावरचे हे तालुक्याचे गाव आजही एस. टी. आणि मालमोटारींच्या भरवशावर आपला कापूस-सोयाबीनचा व्यापारउदीम चालवीत आहे. परंतु ज्या गावापर्यंत रूळ पोहोचू शकले नाहीत त्या गावाच्या घराघरांत, गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात, करंगळीएवढ्या जाडीची एक काळी तार येऊन पोहोचली, आणि शारजाच्या मैदानावरचे क्रिकेट व मुंबईच्या दिवाणखान्यांतील सासू-सुनांचे कलह हे वऱ्हाडातल्या संध्याकाळचे नित्याचे विषय झाले. ही तार ओढणारा मनुष्य गावातलाच होता. कोणी रेडिओ दुरुस्त करीत असे, कोणी लग्नसमारंभांना ध्वनिक्षेपक पुरवी, कोणी व्हिडिओ भाड्याने देई. भांडवल घरातल्या दागिन्यांचे, विद्या ऐकीव, आणि खांबावर चढण्याचे धैर्य मात्र स्वतःचे. त्याला गाव ‘केबलवाला’ म्हणू लागले. त्याच्या व्यवसायाला आलेली उतरती कळा पाहावी म्हणून २०२५च्या दसऱ्याच्या सुमारास, सोयाबीनच्या मळणीचा भुसा हवेत उडत असताना, मी चिखलीत काही दिवस मुक्काम केला.

या विषयावर ज्याला विचारावे तो एकच उत्तर देतो: मोबाइलने केबल मारली. हे उत्तर खोटे नाही, पण ते अपुरे आहे, आणि अपुऱ्या उत्तराने एका कष्टाळू वर्गावर अन्याय होतो असे मला प्रामाणिकपणे वाटते. मोबाइलने केबलवाल्याचा प्रेक्षक नेला, पण त्याच्या कितीतरी आधी त्याची वही गेली होती.

वही हा शब्द मी अलंकारिक अर्थाने वापरीत नाही. आपले नाव छापू नये या अटीवर माझ्याशी मोकळेपणाने बोललेल्या एका केबलचालकाने माळ्यावरून काढून ती माझ्यापुढे ठेवली. लाल कापडी बांधणीची, लांबट, किराणा दुकानात असते तशी. कडा उंदरांनी कुरतडलेल्या. डावीकडे अनुक्रमांक, मग गिऱ्हाईक, मग बारा महिन्यांची बारा घरे. गिऱ्हाइकाच्या रकान्यात नावे फारशी नव्हतीच. ‘गिरणीमागचे मास्तर’, ‘टेलर, वरचा मजला’, ‘नळाजवळची आजी’, ‘पोलिसाचे घर, नवे भाडेकरू’ अशा नोंदी होत्या. पैसे आले की बरोबरची खूण; घर बंद असेल तर आडवी रेघ; आणि कित्येक घरांपुढे, जून ते ऑक्टोबरच्या पाच रकान्यांवर एकच तिरपी ओळ लिहिलेली: ‘सुगीला देणार’. कोरडवाहू मुलखात पैसा वर्षातून एकदा येतो, केबलचे भाडे मात्र दर महिन्याला चढते. या दोहोंमधले अंतर त्या तिरप्या ओळीने भरून काढलेले होते. “सोयाबीन विकलं का लोक सोताहून घरी आनून देत,” तो म्हणाला, “मागायची पाळी नव्हती येत भाऊ.”

केबलवाला मुळात कसा जन्मला हे आजच्या वाचकाला सांगितले पाहिजे. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तरी वऱ्हाडातल्या सामान्य माणसाच्या घरी संच यायला पुढचे दशक उजाडले. आणि तो आल्यावरही छपरावरच्या उंच अँटेनाला वाऱ्याचा हेलकावा बसला की पडद्यावर मुंग्या येत, एकजण वर चढून दांडा फिरवी आणि खालचा ‘आलं, आलं, गेलं’ असे ओरडून सांगे. १९८७च्या जानेवारीत रविवारची ‘रामायण’ मालिका सुरू झाली तेव्हा ज्याच्या घरी संच होता त्याच्या ओसरीवर सारी आळी लोटत असे. त्याच काळात गणपतीत, बारशाला, लग्नाच्या आदल्या रात्री ‘व्हिडिओ आणण्याची’ प्रथा रुजली. रंगीत संच आणि कॅसेटचे यंत्र एका रात्रीच्या भाड्याने येई आणि चौकात पडदा नसतानाही पहाटेपर्यंत तीन चित्रपट होत. व्हिडिओवाल्याच्या ध्यानात आले की, यंत्र घरोघर वाहून नेण्यापेक्षा ते एका जागी ठेवून तार घरोघर नेली तर काम सोपे होते. पुढे १९९१च्या जानेवारीत आखाती युद्ध पेटले, मोठ्या शहरांतील हॉटेलांनी ते उपग्रहावरून प्रत्यक्ष दाखविले, त्याच वर्षी स्टार वाहिन्या आल्या, १९९२च्या गांधीजयंतीला झी सुरू झाली, आणि जाळीच्या प्रचंड तबकड्या शहरांकडून तालुक्यांकडे सरकू लागल्या.

मराठी माणसाच्या दृष्टीने खरा उत्कर्षकाळ त्यानंतरचा. १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी, म्हणजे आजची झी मराठी, आणि ९ जुलै २००० रोजी ई टीव्ही मराठी सुरू झाली. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका तर तीन हजारांहून अधिक भाग चालली. आपल्या भाषेतले नाटक रोज, ठरलेल्या वेळी, जेवणाच्या ताटासमोर येते, हा अनुभव खेड्यापाड्यांतल्या स्त्रियांना इतिहासात प्रथमच लाभत होता, आणि तो त्यांच्यापर्यंत नेणारा हमाल हा केबलवाला होता. हमाल हा शब्द मी आदराने वापरतो.

त्याची ‘कंट्रोल’ म्हणजे बहुधा घराच्या गच्चीवरची दहा बाय दहाची पत्र्याची खोली. प्रत्येक वाहिनीसाठी एक रिसीव्हर आणि एक मोड्युलेटर, एकावर एक रचलेले. उन्हाळ्यात त्यांच्या उष्णतेने खोली भट्टीसारखी तापे. तेथून निघालेली मुख्य तार खांबाखांबांवरून, झाडांवरून, लोकांच्या कठड्यांवरून जाई, आणि तारेत संकेत क्षीण होत जातो म्हणून दर दोन-तीनशे मीटरवर अँप्लिफायरची पेटी बसवावी लागे. त्या पेटीला वीज हवी; ती जवळच्या एखाद्या घरातून घेत आणि मोबदल्यात त्या घराला केबल फुकट मिळे. हा करार कोणत्याही कागदावर नव्हता. भारनियमनाच्या वर्षांत या तोंडी करारांची कसोटी लागली: प्रेक्षकाच्या आळीत वीज असे, पण वाटेवरच्या पेटीच्या आळीत नसे, आणि मग पुढचे सारे संच एकदम अंध होत. बरोबर मालिकेच्या वेळी ते झाले की, केबलवाल्याच्या घरचा टेलिफोन वाजू लागे आणि तो बॅटरी सायकलच्या कॅरिअरला बांधून निघे. एका जुन्या कडुलिंबापाशी मला त्या काळची तार अजून दिसली. खोड वाढता वाढता सालीने तिला पोटात घेतले आहे. एका बाजूने आत शिरलेली काळी तार दुसऱ्या बाजूने बाहेर येते, आणि दोन्ही टोके तोडलेली आहेत.

आता दफ्तराकडे वळू. केंद्र सरकारने सप्टेंबर १९९४ मध्ये अध्यादेश काढून आणि १९९५ मध्ये अधिनियम करून केबलवाल्याला कायद्याच्या कक्षेत घेतले. नोंदणी कोठे, तर मुख्य डाकघरात! पाचशे रुपये भरायचे, अर्ज द्यायचा, आणि दरसाल नूतनीकरण करून घ्यायचे. राज्य सरकारचा करमणूक कर वेगळा. तो तहसील कचेरीमार्फत महसुलाच्या शिस्तीने वसूल होई. अखेरच्या काळातला दर दर जोडणीमागे महिन्याला महानगरपालिकेत ४५ रुपये, अ आणि ब वर्गाच्या नगरपालिकांत ३० आणि इतरत्र १५ असा होता. म्हणजे केबलवाल्याने दोघांना हिशेब द्यायचा होता, एक महसूल खात्याला आणि दुसरा वाहिन्या पुरवणाऱ्या कंपनीला. आणि दोघांनाही तो खरा आकडा देत नसे. हे लपवण्यात अर्थ नाही. प्रत्यक्ष जोडण्यांचा एक लहानसा अंशच कागदावर दाखवायचा हा देशभरचा रिवाज होता. नवे चित्रपट परवान्याविना स्थानिक वाहिनीवर लावणे, दुसऱ्याच्या हद्दीत तार टाकणे, रात्रीतून एकमेकांच्या तारा कापणे असे प्रकारही या व्यवसायात घडले आहेत. ज्याच्या हाती गल्लीचा इजारा आला त्याने कधी गिऱ्हाइकाशी मगरुरीही केली. परंतु या दोषांची शिक्षा म्हणून पुढे जे घडले ते अपराधाच्या मानाने फार मोठे होते.

२०११च्या दुरुस्तीने डिजिटल प्रक्षेपण सक्तीचे झाले. महानगरांचा टप्पा २०१२ मध्ये आणि अडतीस मोठ्या शहरांचा २०१३ मध्ये आला. चिखलीसारख्या नगरपालिकांची गावे तिसऱ्या टप्प्यात, ज्याची मूळ मुदत ३१ डिसेंबर २०१५ होती आणि ती पुढे ३१ जानेवारी २०१७पर्यंत वाढली. चित्र स्वच्छ झाले, वाहिन्या शेकड्यांनी वाढल्या, आणि जोडण्यांची लपवाछपवी एका फटक्यात संपली. हे तिन्ही लाभ खरे आहेत. पण प्रत्येक घरात जो बॉक्स बसला त्याला एक क्रमांक होता, तो क्रमांक दूरच्या शहरातील कंपनीच्या संगणकात नोंदलेला होता, आणि तो चालू-बंद करण्याची कळ त्या संगणकापाशी होती. गिऱ्हाईक कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी बदलले. आजवर ‘नळाजवळची आजी’ ही एका माणसाच्या वहीतली नोंद होती, ती आता एक क्रमांक झाली, आणि थकबाकी झाली तर ‘सुगीला देणार’ असे लिहिण्याची जागा त्या संगणकात कोणी ठेवलेली नव्हती. संकेत काचतंतूच्या तारेतून परस्पर येऊ लागल्यावर गच्चीवरची कंट्रोलही निरुपयोगी ठरली. माझ्या या परिचिताने आपली सारी यंत्रे भंगारवाल्याला किलोच्या भावाने दिली. एक मोड्युलेटर मात्र ठेवला आहे, देवघराच्या बाजूच्या कोनाड्यात, पुसून स्वच्छ केलेला.

दुसरा घाव दराचा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाची नवी दरपद्धती २०१९च्या फेब्रुवारीपासून अंमलात आली. पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी जास्तीत जास्त १३० रुपयांचे जाळेभाडे, आणि पैशाच्या वाहिन्या प्रेक्षकाने आपल्या पसंतीने निवडून त्यांचे वेगळे पैसे द्यायचे. वेगळा करार नसेल तर जाळेभाड्यात कंपनीचा वाटा ५५ टक्के आणि केबलवाल्याचा ४५. एका घराने शंभर रुपयांच्या वाहिन्या घेतल्या असे समजू. त्यांतले ८० रुपये वाहिनीचे. वितरणाचे २० उरतात, त्यांत कंपनीला ११ आणि केबलवाल्याला ९. जाळेभाड्यातले त्याचे ५८ रुपये ५० पैसे धरून त्याच्या पदरी एकूण ६७ रुपये ५० पैसे पडतात. वर २३० रुपयांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे ४१ रुपये ४० पैसे. गिऱ्हाईक २७१ रुपये ४० पैसे मोजते, महागाईबद्दल दारात उभ्या असलेल्या केबलवाल्याला बोल लावते, आणि त्या रकमेचा चौथा हिस्सा घेऊन तो तार, खांब, मजूर, पेट्रोल आणि स्वतःचा संसार सांभाळतो. पूर्वी तो शंभर-दीडशे रुपये घेई, पण ते सारे प्रथम त्याच्या हातात येत आणि मग त्यातून देणी जात; आता पैसा आधी वर जातो आणि वाटा खाली येतो. या फरकाचे मोल हिशेबाच्या आकड्यांत पुरते दिसत नाही. पुढे दरांत फेरफार झाले, त्याच १३० रुपयांत २०० वाहिन्या द्याव्या असा हुकूम झाला, आणि २०२४ मध्ये भाड्याची कमाल मर्यादाही उठली. पण तोपर्यंत दर वाढवण्याचे स्वातंत्र्य वापरण्याजोगी गिऱ्हाइकेच उरली नव्हती.

कारण मधल्या काळात प्रेक्षक तीन वाटांनी निघून गेला होता. पहिली वाट खेड्यांची. प्रसार भारतीची फ्री डिश २००४ पासून आहे. एकदा तबकडी आणि पेटी विकत घेतली की महिन्याला काही द्यावे लागत नाही. आज देशात साडेचार कोटींहून अधिक घरांत ती असल्याचा अंदाज आहे, आणि चिखली तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर पत्र्याच्या छपरांवरून फिरलेली माझी नजर त्याला दुजोरा देते. दुसरी वाट सुखवस्तू घरांची, ज्यांनी भिंतीएवढा संच घेतला आणि त्याला थेट इंटरनेट जोडले. तिसरी आणि सर्वांत रुंद वाट मोबाइलची. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्सचे जिओ आले आणि काही महिन्यांत, सालगड्याच्या मुलापासून प्राध्यापकापर्यंत, ज्याच्या त्याच्या खिशात पडदा आला. २०२३ मध्ये आयपीएलचे सामने त्या पडद्यावर फुकट दिसले, तेव्हा केबलवाल्याचा हुकमी हंगामही गेला. केबल आणि डिश मिळून पैसे मोजून पाहणारी घरे देशात २०१८ मध्ये १५.१ कोटी होती, ती २०२४ मध्ये ११.१ कोटींवर आली, असे केबल कंपन्यांच्या महासंघाने करविलेल्या पाहणीचे अनुमान आहे.

येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. हॅथवे आणि डेन या दोन मोठ्या केबल कंपन्यांतील नियंत्रक हिस्सा घेण्याचे रिलायन्सने २०१८च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केले. आणि २०२४च्या नोव्हेंबरमध्ये स्टारच्या वाहिन्याही त्याच छत्राखालील संयुक्त कंपनीत आल्या. म्हणजे वाहिनी, तार आणि तारेचा प्रतिस्पर्धी असलेला मोबाइल, या तिन्हींच्या मुळाशी आज एकच मोठे भांडवल येऊन ठेपले आहे. अशा भांडवलाला प्रेक्षक कोणत्या वाटेने येतो याने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो फक्त त्या वाटेवर उभ्या असलेल्या लहान माणसाला.

त्या लहान माणसाने हात टेकले नाहीत हे नमूद केले पाहिजे. चिखलीत केबलवाल्यांनी इंटरनेटची जोडणी देण्याचे काम अंगावर घेतले आहे, आणि तांब्याची विद्या विसरून काचेची विद्या पन्नाशीत शिकून घेतली आहे. मी एका गच्चीवर ती पाहिली. केसाएवढ्या जाडीचा काचतंतू. त्याचे आवरण सोलायचे, स्पिरिटने पुसायचा, कटरने बरोबर काटकोनात छेदायचा, आणि दोन टोके यंत्राच्या खाचेत समोरासमोर ठेवायची. वारा सुटला होता म्हणून मुलगा छत्री आडवी धरून उभा होता. यंत्राच्या बोटभर पडद्यावर दोन राखी दांडे एकमेकांकडे सरकले, निळसर ठिणगी पडली, दांडे एक झाले. “झिरो पॉइंट झिरो एक,” मुलाने आकडा वाचला. बापाने त्या सांध्यावर नळी सरकवून तापवली आणि मग श्वास सोडला. या कामात उत्पन्न आहे, पण तेथेही मोठ्या कंपन्यांची तार त्याच खांबावर येऊन पोहोचली आहे, आणि तिच्याशी दरात टिकणे दर महिन्याला अवघड होत आहे. जो टिकतो तो एकाच बळावर: तक्रार आली की तो अर्ध्या तासात दारात असतो.

मला सर्वांत जास्त हळहळ वाटली ती स्थानिक वाहिनीची. रेणुकामातेच्या चैत्री यात्रेचे चित्रण, गणपतीची मिरवणूक, शिवजयंतीची शोभायात्रा, शाळेचे स्नेहसंमेलन हे सारे त्या वाहिनीवर दिसे, आणि पडद्याच्या तळाशी सरकणारी पट्टी तर गावाची दवंडीच होती. उद्या कोणत्या भागात नळ येणार, कोणाची म्हैस हरवली, कोणाच्या घरी दुःखद घटना घडली आणि अंत्ययात्रा किती वाजता निघेल, हे त्या पट्टीवरून कळे. आज हे निरोप मोबाइलवर फिरतात. पण ज्याच्या त्याच्या गटात फिरतात; गटाबाहेरच्याला ते कळत नाहीत. दवंडी सर्वांना ऐकू जाते, तशी ती पट्टी सर्वांना दिसत असे.

२०२५च्या जानेवारीत केंद्राने नोंदणीचे नियम बदलले. डाकघराची फेरी संपली; आता अर्ज दिल्लीच्या मंत्रालयाकडे संकेतस्थळावरून जातो, पाच हजार रुपयांत पाच वर्षांची नोंदणी मिळते, आणि तिला हद्द साऱ्या देशाची आहे. सोय चांगली आहे. ती दहा-पंधरा वर्षे आधी मिळती तर कित्येकांच्या उपयोगी पडती. मी ज्याच्या घरी बसलो होतो त्याने नूतनीकरण केले आहे. का केले, असे मी विचारले तेव्हा तो घटकाभर थांबला. “घरं कमी झाले भाऊ. पन जे हायेत, ते कोन पाहीन?”

त्याच संध्याकाळी मी त्याच्याबरोबर वसुलीला निघालो. तीन वह्यांची एक वही झाली आहे, आणि कायद्याने तिचीही गरज नाही. कंपनीची पद्धत आगाऊ भरण्याची: केबलवाल्याने आपल्या खात्यात आधी पैसे टाकावे, त्यातून एकेका बॉक्सचे रिचार्ज करावे, मग गिऱ्हाइकाकडून वसूल करावे. मुदत संपली की बॉक्स आपोआप बंद होतो. नळाजवळच्या घरी आम्ही गेलो. वहीतली आजी वारून बरीच वर्षे झाली. आता तिची सून आजी झाली आहे. आत मालिका चालू होती. तिने पदराच्या गाठीतून शंभराची नोट सोडवली आणि त्याच्या हातात दिली.

“बाकीचे सोयाबीन गेल्यावर देते रे बाबा.”

“राहू द्या काकू, घाई नाही.”

“बंद तर नाही होनार ना?”

“कालच टाकलं मी. महिनाभर पाहा.”

बाहेर येऊन त्याने नळाच्या कट्ट्यावर वही ठेवली, खिशातले पेन काढले आणि ऑक्टोबरच्या रकान्यात १०० लिहिले. मग पुढच्या दोन रकान्यांवर, सावकाश, तिरपी ओळ ओढू लागला.